ग्राझहून आलेल्या पाच बाटल्या

२२ जानेवारी २०१२, रविवार

लिओन्तिना,

अक्षर ओळखलंस ना? नऊ वर्षांत बदललेलं नाही, फक्त मला चष्मा लागलाय. खुशाली विचारत नाही. विचारली तर तुला वाटेल, सावेता लाडीगोडी लावतेय, आणि मला खरंच काहीतरी मागायचं आहे. तेव्हा सरळ मागते.

तावी आजारी आहे. कॅन्सर आहे. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला. पोटात मागच्या बाजूला गाठी आहेत, त्यातली एक लहान संत्र्याएवढी. सुरुवात कुठून झाली ते मी लिहिणार नाही. तो सत्तावीस वर्षांचा पुरुष आहे, मी त्याची आई आहे, तुला काय ते कळेल. आठ महिने त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. गॅरेजमधल्यांनी थट्टा केली असती म्हणे! दुखणं अंगावर काढून गप्प बसायची सवय त्याला कोणी लावली, ते तू म्हणशीलच. म्हण.

इथल्या इस्पितळात डॉक्टरीणबाई पश्कूत आहेत. बुटक्या, तोंडाने फटकळ, पण मला पटल्या. त्या म्हणाल्या, "सावेताबाई, रडायचं नंतर. इतका पसरल्यावरसुद्धा बरा होणारा कॅन्सर असतो, तो हा. तीन फेऱ्या द्यायच्या. प्रत्येक फेरीत पाच दिवस सलाइनमधून औषध, आणि दोन फेऱ्यांच्या सोमवारांमध्ये एकवीस दिवस. बावीस नाहीत. उशीर झाला की गाठी सावध होतात."

औषधं तीन आहेत. दोन इथे मिळतात. तिसरं मुख्य आहे, त्याचं नाव सिसप्लॅटिन, आणि ते देशात कुठेच नाही. महाग म्हणून नाही, स्वस्त म्हणून! इतकं जुनं आणि इतकं स्वस्त की आणून विकायला कोणाला परवडत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. गेल्या सोमवारी पहिली फेरी सुरू झाली तेव्हा इस्पितळातल्या शेवटच्या पाच बाटल्या तावीला लागल्या. फळी रिकामी झाली ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. माझ्या मागे एक बाई आपल्या बहिणीसाठी उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

या औषधात प्लॅटिनम असतं, खरोखरचा धातू, पाण्यात विरघळवलेला. तावीला हे कळल्यावर तो दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला. गाड्यांच्या धुराच्या नळीत जो डबा असतो ना, त्यात हाच धातू असतो, म्हणून चोर गाड्यांखाली शिरून तो डबा कापून नेतात. म्हणतो, "आई, आता रात्री मला आत झोपव. अंगणात झोपलो तर करवत घेऊन येतील." मी हसले नाही, म्हणून रुसला.

डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. तुमच्याकडे ऑस्ट्रियात ती चालते, लोक असंच आणतात. पुढची फेरी सहा फेब्रुवारीला आहे, पाच बाटल्या लागतील. ग्राझची गाडी चालवणारा ग्लिगोर सगळ्यांची औषधं आणतो, त्याच्याकडे दे. उत्तर त्याच्याच हातून कळव. फोन नको. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी काहीतरी बोलून बसेन, आणि आता मला ते परवडणार नाही.

आई गेली त्या वेळचं मनात ठेवून नाही म्हणू नकोस. बर्फाने फोनच्या तारा तुटल्या होत्या, तुला कळवता आलं नाही. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते.

सावेता


११ फेब्रुवारी, शनिवार

लिओन्तिना,

पाचही बाटल्या आल्या. सोमवारी सकाळी ग्लिगोर गाडी थेट इस्पितळाच्या फाटकाशी घेऊन आला, आणि खोकं माझ्या हातात पडेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. वाटेत बर्फ होतं. पहाटे पाचपासून मी फाटकाशी उभी होते, पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं. तू नाही म्हणाली नाहीस. मी तेवढं लक्षात ठेवीन.

खोक्यात तुझं पत्र होतं. सवडीने वाचेन. रागावू नकोस, या आठवड्यात सवड म्हणून मिळाली नाही.

तावीचं सांगते. केस गेले, मिशीसुद्धा. वजन इतकं उतरलं की पँटला पट्ट्याऐवजी दोरी बांधतो. उलट्या तर विचारू नकोस. मी त्याला मक्याच्या पिठाची मामालिगा करून नेली, वर दही घालून, त्याला लहानपणापासून आवडते तशी. एक घास घेतला आणि चमच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आई, मला तुझ्या हातचं काही लागतच नाही गं. नुसता चमचा चाटल्यासारखं लागतं." सगळ्याला धातूची चव येते त्याला, पाण्यालाही.

आणि कानात शिट्टी वाजते. औषधामुळे होतं म्हणे, कोणाची जाते, कोणाची राहते. तो इंजिन कानाने ओळखतो, तुला आठवत असेल. लहान असताना तू त्याला अंगणात बसवून विचारायचीस, रस्त्यावरून कुठली गाडी गेली, आणि तो न बघता सांगायचा. परवा खिडकीखालून ट्रक गेला. मी विचारलं, "कुठला रे?" तो म्हणाला, "ट्रक होता?" मी विषय बदलला.

पण डॉक्टरीणबाई खूश आहेत. रक्तातला कसलासा आकडा असतो, तो चार हजारांवरून तीनशेवर आला. "दगड फुटायला लागलाय," म्हणाल्या, "आता हात थांबवायचा नाही." तिसरी फेरी सत्तावीस फेब्रुवारीला, तेव्हा पुन्हा पाच बाटल्या हव्यात. या खेपेला दोन-चार दिवस आधी पाठव. सोमवारी सकाळी गाडी बर्फात अडकली तर मी काय करू? शुक्रवारी आल्या की माझ्या घरात असतील, माझ्या ताब्यात. मग मला झोप लागेल.

तुझे हात अजून फुटतात का हिवाळ्यात? त्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालून घालून फुटत असतील. ग्लिगोर म्हणाला, तू हातमोजे घालून खोकं दिलंस. असो, मला काय त्याचं!

सावेता


२७ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय लिओन्तिना,

बाटल्या शुक्रवारी व्यवस्थित पोचल्या. तुझे उपकार आहेत.

एक छोटीशी गोष्ट आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तावीची प्रकृती चांगली साथ देतेय म्हणून मात्रा थोडी वाढवायची. तेव्हा आणखी पाच बाटल्या लागतील. शक्य तितक्या लवकर, येत्या शुक्रवारपर्यंत आल्या तर उत्तम. काळजीचं काही नाही. सगळं छान चाललंय. इथे ऊन पडलंय.

ग्लिगोरला बजाव की सामान गाडीत पुढे, हीटरपाशी ठेव. मागे किती गारठा असतो देव जाणे. तो माणूस बरा आहे, पण हलगर्जी आहे.

तुझी बहीण
सावेता


१ मार्च, गुरुवार

तिना,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. सोमवारचं खोटं आहे. फाडून टाकणार होते, मग म्हटलं राहू दे, मी कशी आहे ते तुला एकदा नीट दिसू दे. मात्रा वाढवलेली नाही. तिसरी फेरी सुरूच झालेली नाही. बाटल्या मी घालवल्या.

शुक्रवारी ग्लिगोर खोकं घेऊन घरी आला. दारातच म्हणाला, "सावेताबाई, बहिणीने बजावलंय, आधी पत्र वाचायचं, मग खोकं उघडायचं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "तू तुझी गाडी बघ. आम्हा बहिणींच्या मधे नाक खुपसू नकोस." तो गेला आणि मी पत्र डब्यात टाकलं. आईचा बिस्किटांचा निळा डबा होता ना, तो. त्यात तुझी नऊ ईस्टरची आणि नऊ नाताळची पत्रं आहेत. एकही फोडलेलं नाही. दर वेळी वाटायचं, यात मला शिव्या असणार, आणि कधी कधी वाटायचं, शिव्या नसतील, माफी असेल, आणि ते तर मला मुळीच सोसलं नसतं. टाकूनही दिली नाहीत. दोन्ही गोष्टी माझ्याच्याने झाल्या नाहीत.

बाटल्या मी फ्रिजमध्ये ठेवल्या. आतल्या भिंतीला टेकवून, जिथे सगळ्यात गार असतं, टॉवेलात गुंडाळून, लोण्याच्या मागे. एकतीस वर्षं मी डेअरीच्या शीतघरात काढली, तिना. जाड कोट घालून आत जायचं आणि आकडा चारच्या वर गेला की आरडाओरडा करायचा. जे नासू नये असं वाटतं ते गारठ्यात ठेवायचं. मला आयुष्यात एवढंच येतं. खोक्यावर जर्मनमध्ये काहीबाही छापलं होतं, मला वाटलं कंपनीची जाहिरात असेल. दिवसातून चार वेळा दार उघडून हात लावून बघत होते, गार आहेत ना. शनिवारी शेजारी वीज गेली तर मी धावत जाऊन आपला दिवा लागतो का ते बघितलं. त्या तीन दिवसांत मी बाटल्यांची जेवढी काळजी घेतली तेवढी तावी बाळ असताना त्याची घेतली नसेल.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी पिवळे कण होते, मुरंब्याच्या तळाशी साखर बसते तसे. त्यांनी बाटली फिरवली. कणही फिरले.

"हे गारठ्यात ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"सावेताबाई, नीट आठवा. फ्रिजमध्ये?"

"नाही म्हटलं ना! ग्लिगोरच्या गाडीतच झालं असेल. मागे हीटर नाही त्याच्या." आणि हे मी मोठ्याने म्हटलं. बाहेर बाकांवर पंधरा-वीस जण बसले होते, दार उघडं होतं.

त्या खुर्चीवर बसल्या. मला त्यांचं बसणं आवडलं नाही, त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "बहुतेक औषधं गारठ्यात टिकतात. हे उलटं आहे. गार झालं की धातू पाण्यातून बाहेर येतो. त्यातला किती तळाशी बसला आणि किती पाण्यात उरला, मला कसं कळणार? अंदाजाने मी त्याच्या नसेत काही घालणार नाही."

"कोमट पाण्यात धरून बघू का?"

"बाई, हे दूध नाही."

तरी मी बाटल्या घरी नेल्या. दोन दिवस अंगाशी धरून बसले, शालीच्या आत, काळ्या फडक्यात, कारण याला उजेडही चालत नाही एवढं नर्सने सांगितलं होतं. बरेचसे कण विरघळले. थोडे राहिले. बुधवारी पुन्हा घेऊन गेले तर डॉक्टरीणबाईंनी हातसुद्धा लावला नाही. फक्त म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपर्यंत मी थांबू शकते." मी विचारलं, "आणि त्यानंतर?" त्या टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. ते कागद आवरलेलेच होते.

तिथून मी ग्राझच्या गाडीच्या थांब्यावर गेले, सोमवारचं पत्र घेऊन. ग्लिगोर सामान चढवत होता. मी पाकीट पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"तीन घरांनी माझ्याकडून औषध आणायचं बंद केलं," तो म्हणाला. "काल एक म्हातारा बायकोची चिठ्ठी परत घेऊन गेला. दुसरीकडून कुठून आणणार तो? मी त्याला काय सांगू? माझ्या गाडीत खोकं माझ्या मांडीशी असतं, सावेताबाई. तुमच्या बहिणीने मला शपथ घातली होती. आता तुमचं पत्र तुमच्याकडेच ठेवा."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण त्याने दार लावलं आणि गाडी गेली, आणि मी पाकीट हातात घेऊन उभी राहिले.

घरी येऊन डबा काढला. तुझं सगळ्यात वरचं पत्र फोडलं. तू काय लिहिलं होतंस ते तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने पुन्हा लिहायचं आहे:

"सावेता, या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. तू ठेवशील हे मला माहीत आहे, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. हे तुमचं लोणी नाही. आई कपाटात पिवळी गुतुईची फळं ठेवायची ना, कपड्यांच्या मधे, अंधारात, खोलीतल्या उबेत? तसंच ठेव. बाकी काही लिहीत नाही. तावीला माझा पापा."

मोठ्या अक्षरात लिहिलं होतंस गं. जाड लाल पेनाने. पाच ओळींचं पत्र, आणि मी ते फोडलं नाही, कारण त्यावर तुझं नाव होतं.

आता आजचं सांगते. सकाळी तावीकडे गेले. एक मार्च म्हणून त्याने नर्सकडून लाल-पांढरा दोरा आणवला होता, तो माझ्या कोटाला टाचला, दर वर्षी टाचतो तसा. सुई मला दोनदा टोचली. म्हणाला, "वसंत आला, आई." त्याला अजून वाटत होतं की ड्रायव्हरमुळे झालं. मला तो दोरा छातीवर सोसवेना. मी बाहेर आले. बाकांवर रोजचेच लोक होते, ती बहिणीवाली बाई, टोपीवाला म्हातारा, सगळे. मी मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "ग्लिगोरने काही केलेलं नाही. बाटल्या मी फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. त्याने मला पत्र वाचायला सांगितलं होतं, मी वाचलं नाही. आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं." माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. मग टोपीवाला म्हातारा म्हणाला, "म्हणजे माझी चिठ्ठी मी पुन्हा त्याला देऊ?" मी म्हटलं, "आजच द्या."

मागे वळले तर तावी दारात, साध्या सलाइनचा दांडा धरून. सगळं ऐकलं होतं. शिट्टी वाजत असली तरी ऐकलं होतं.

"लोण्याच्या मागे ठेवलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. तू माझे बूटसुद्धा फ्रिजमध्ये ठेवशील." आणि तो हसला, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याला मरायची भीती वाटते, तिना. दाखवत नाही, पण मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पाठ हादरत होती. मी कोटाचा दोरा काढायला लागले तर न वळता म्हणाला, "राहू दे. महिनाभर काढायचा नसतो." त्याला दिसलं कसं देव जाणे.

संध्याकाळी ग्लिगोर स्वतः घरी आला. बातमी पोचली होती. माझ्या घरात पाऊल ठेवलं नाही, पायरीवरूनच खिशातला फोन काढला. "तुमच्या बहिणीला लावतो. बोला." मी मान हलवली. तेव्हा तोच बोलला. पाच बाटल्या हव्यात, सोमवारच्या आत, एवढंच सांगितलं त्याने तुला. का हव्यात ते सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही लिहा. शनिवारी नेतो मी पत्र." तुझा आवाज मला ऐकू येत होता. तू फक्त "हो" म्हणत होतीस. मी फोनवर आले असते तर पुन्हा खोटंच बोलले असते. कागदावर निदान खोडलं तर दिसतं.

तर हे बाटल्यांचं झालं. आता दुसरं. तुला ते माहीत असेल, तरी मी सांगितल्याशिवाय ते संपणार नाही.

तारा तुटल्या नव्हत्या. बर्फ होतं, पण फोन चालू होता. त्याच फोनवरून मी पाद्रीबाबांना बोलावलं, त्याच फोनवरून शवपेटी सांगितली. तुझा नंबर भिंतीवर लिहिलेला होता, आईने लिहून घेतला होता. तो मी नंतर सुरीने खरवडून काढला. आई तीन दिवस तुझं नाव घेत होती. तिची अंथरुणं मी धूत होते, तिच्या तोंडात चमच्याने पाणी मी घालत होते, आणि ती माझ्याकडे बघून विचारायची, "तिना आली का?" मी म्हणायचे, "निघालीय." शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तू एका रात्रीत पोचली असतीस. मी तुला कळवलं नाही, कारण मला सोसलं नसतं की मी तीन महिने मरमर करावं आणि तू दारात आलीस की तिने हसावं. एवढंच कारण आहे. याच्याहून मोठं कारण नऊ वर्षं शोधतेय, सापडत नाही.

आता माझा मुलगा दाराकडे बघतोय.

मी माफी मागत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. मी बाटल्या मागते. माझं नाव काढू नकोस, हवं तर खोक्यावर तावीचं नाव लिही. त्याने तुझं काही केलेलं नाही. तो अजून तुझ्यासारखाच शिंकतो, लागोपाठ सात वेळा. बाटल्या सोमवारी, पाच तारखेला लागतील. त्यानंतरचं मला कोणी सांगत नाही.

डब्यातली बाकीची पत्रं फोडणार आहे. रोज एक. सगळी एकदम मला झेपणार नाहीत.

सावेता


५ मार्च, सोमवार

ताई,

हे पत्र खोक्याला लाल-पांढऱ्या दोऱ्याने बांधलंय. मार्चचा दोरा आहे, मी इथे कोणाला टाचू? गाठ अशी मारलीय की पत्र सुटल्याशिवाय झाकण निघणार नाही. तुझ्यावर माझा एवढाच विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे, हे तू मान्य करशील.

आधी कामाचं. पाच मिळाल्या नाहीत. आपल्याकडचे सगळेच आता इथून नेतात, तेव्हा इथेही फळ्या रिकाम्या व्हायला लागल्यात. तीन मिळाल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार निघेल. उरलेल्या दोन व्हिएन्नाची एक ओळखीची बाई बुधवारच्या रेल्वेने पाठवते म्हणाली आहे. म्हणाली आहे, एवढंच मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना हे आधीच सांग. लपवू नकोस.

बाटल्या मी स्वेटरच्या आत धरून आणल्या आहेत. एकदाही गारठ्यात गेल्या नाहीत.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी वाचलं, दोन्ही पत्रं. खोटं आधी वाचलं. त्यात तू मला "प्रिय" म्हटलंस तेव्हाच कळलं की काहीतरी भयंकर झालंय. दुसरं वाचल्यावर मी ज्या आजोबांकडे असते त्यांच्या स्वयंपाकघरात ताटल्या धूत बसले. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. तारा तुटल्या नव्हत्या हे मला तेव्हापासून माहीत होतं. पाद्रीबाबांनीच सांगितलं होतं, त्याच वर्षी. ते मी ईस्टरच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तू ते फोडलं असतंस तर आपली नऊ वर्षं वाचली असती. पण आई दाराकडे बघत होती, हे मला माहीत नव्हतं. ते तू सांगायला नको होतंस असं मला रात्रभर वाटलं, आणि सकाळी वाटलं, बरं झालं सांगितलंस. अजून नक्की काय ते ठरत नाही. मला वेळ लागेल. माझ्याकडून लगेच काही ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस.

तावीला मी शेवटचं बघितलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मला आत यायला भीती वाटते. त्याला बघायची नाही, तुला बघायची.

ग्लिगोर खोकं घेऊन वर येईल. मी त्याच्याच गाडीतून आलेय. फाटकाच्या आतल्या बाकावर बसलेय, चिनाराखाली. तू हे वाचलंस की कळेल. वाचलं नाहीस तर पाच वाजता गाडी परत निघते, मी तिच्यात बसेन आणि तुला दोष देणार नाही.

तिना


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

तिना,

आधी वाचलं, मग खोकं उघडलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली, सगळे बघत होते. पाण्यासारखी स्वच्छ आहे. दोन बाटल्या कमी आहेत तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजची आज लावू, गुरुवारचं गुरुवारी बघू." आत्ताच सुरू झालंय. तावीचा हात हालू द्यायचा नाही म्हणून मी धरून बसलेय, उठता येत नाही, नाहीतर मीच खाली आले असते. डाव्या हाताने लिहितेय. ग्लिगोर घेऊन येतोय.

दुसरा मजला, तीन नंबरची खोली. दार जड आहे, खांद्याने ढकल. तावी विचारतोय, मावशी आली का.

मी सांगितलं, निघालीय. मला या वेळी खोटं पाडू नकोस.